कर्करोग-उपचारकाळातील शनिवार-रविवार : दैनंदिन जीवनाचा एक विचार

प्रस्तावना :

कर्करोगाविषयी मराठीत आढळणारे लेखन ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. एक, रोगाची लक्षणे, कारणे व उपचार सांगणारे माहितीपर लेखन. आणि दुसरे, रोगातून बाहेर पडलेल्या व्यक्तींचे अनुभवकथन. या दोहोंच्या मध्ये एक मोठा प्रदेश दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे उपचार चालू असतानाचे साधे, रोजचे जगणे. निदान व शस्त्रक्रिया हे प्रसंग असतात. त्यानंतरचे पाच-सहा महिने मात्र वारांच्या हिशोबाने काढावे लागतात. या वारांपैकी शनिवार आणि रविवार या दोन वारांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वरवर पाहता हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु रुग्णालयाचे बहुतेक विभाग ज्या दोन दिवशी बंद असतात, त्याच दोन दिवसांत रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला सर्वाधिक निर्णय स्वतःच्या बुद्धीने घ्यावे लागतात, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या विषयाचे महत्त्व पटते. विवेचनासाठी मुख्यतः मुंबईतील परळ हा परिसर समोर ठेवला आहे.

सुट्टीचा वार आणि परळ :

परळ म्हणजे जुन्या गिरणगावाचा भाग. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्यानंतर अर्ध्या शतकाने, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, याच परळमध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्या दुःखातून सर दोराबजी टाटा यांच्या मनात या रुग्णालयाची कल्पना आली आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाच्या विश्वस्त संस्थेने ती पूर्ण केली. १९६२ पासून हे रुग्णालय केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. तथापि आठवड्याच्या तालावर जगणारा मोठा समुदाय परळमध्ये आजही आहे, आणि तो रुग्णांचा आहे.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. शनिवार-रविवार ही जोडी मुळात नोकरदार शहरी माणसाची आहे. ग्रामीण महाराष्ट्रात आठवडा मोजला जातो तो बाजाराच्या वाराने. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून वेगळा, परंतु म्हैस त्या दिवशीही दूध देते आणि पिकाला पाणी त्या दिवशीही द्यावे लागते. महाविद्यालयांतून आजही शनिवारी तासिका होतात. राज्य शासनाच्या कार्यालयांनासुद्धा पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस. अशा स्थितीत परभणी किंवा यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याला जबड्याच्या कर्करोगासाठी परळला यावे लागले, की त्याच्या आयुष्यात शनिवार-रविवारची जोडून सुट्टी प्रथमच येते. ती त्याने मागितलेली नसते. ती रुग्णालयाच्या वेळापत्रकाने त्याच्यावर लादलेली असते.

पाच दिवसांचे गणित :

किरणोपचार, म्हणजे रुग्णांच्या बोलण्यातील ‘लाईट घेणे’, सामान्यतः सोमवार ते शुक्रवार दिला जातो. डोके व मान यांच्या कर्करोगात एकूण ६६ ते ७० ग्रे इतकी मात्रा रोज सुमारे २ ग्रे याप्रमाणे ३३ ते ३५ वेळा विभागून देतात. यासाठी साडेसहा ते सात आठवडे लागतात. स्तनाच्या कर्करोगात अलीकडे १५ किंवा त्याहूनही कमी बैठकांत उपचार पूर्ण होऊ शकतो. मात्रा विभागून देण्याचे कारण असे की, दोन बैठकांच्या मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःची दुरुस्ती करून घेतात आणि कर्कपेशींना हे तितके साधत नाही.

मग मधले दोन दिवस रिकामे का? अनेक रुग्णांची समजूत असते की, शरीराला विश्रांती मिळावी म्हणून डॉक्टरांनी ते मुद्दाम सोडले आहेत. ही समजूत अर्धीच खरी आहे. तोंडातील व घशातील अस्तराला या दोन दिवसांत थोडी उसंत मिळते हे खरे. परंतु पेशींची दुरुस्ती बहुतांशी सहा-आठ तासांत होते; तिला दोन दिवसांची गरज नाही. शनिवार-रविवारचा खंड हा प्रामुख्याने तंत्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व डॉक्टर यांच्या कामाच्या आठवड्यातून आलेला आहे. यंत्रांची देखभालही याच दिवसांत होते. म्हणजे हा निसर्गाचा नियम नव्हे; ही माणसांनी आपल्या सोयीने केलेली व्यवस्था आहे, आणि ती तशी असण्यात काही गैरही नाही.

रोग मात्र सुट्टी घेत नाही. उपचाराच्या साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या कर्कपेशी अधिक वेगाने वाढू लागतात, असे किरणोपचारशास्त्राने गेल्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिले. म्हणूनच शनिवार-रविवार हाच वैद्यकीय प्रयोगांचा विषय झाला. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावर झालेल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘चार्ट’ या चाचणीत रुग्णांना दिवसातून तीन वेळा, सलग बारा दिवस, शनिवार-रविवारसह किरणोपचार दिला गेला. दोन वर्षांनंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीतील २० टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. डेन्मार्क व नॉर्वे येथील, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोके व मान यांच्या कर्करोगात आठवड्याला पाचऐवजी सहा बैठका दिल्या गेल्या. तेव्हा मूळ जागी व आसपासच्या ग्रंथींत रोग नियंत्रणात राहण्याचे प्रमाण पाच वर्षांअखेर ६० वरून ७० टक्के झाले. मात्र तोंडातील व्रणही अधिक तीव्र झाले आणि एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. ही पद्धत सर्वत्र रूढ झाली नाही, त्यामागे रविवारी यंत्र चालविणाऱ्या मनुष्यबळाचा प्रश्नही होता.

सामान्य रुग्णासाठी या संशोधनाचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. दोन दिवसांचा खंड गृहीत धरूनच त्याची मात्रा ठरविलेली असते. परंतु तिसरा व चौथा दिवस गृहीत धरलेला नसतो. डोके व मान यांच्या कर्करोगात उपचार एक दिवस लांबला तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा किंचित अधिक कमी होते, असा अंदाज दिला जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचे व आतले किरणोपचार मिळून आठ आठवड्यांत संपावेत असा दंडक आहे. आता शुक्रवारची बैठक उरकून रात्रीच्या गाडीने नांदेडला निघालेला रुग्ण पाहावा. शनिवारी सकाळी तो घरी पोहोचतो. घरच्यांना पाहून बरे वाटते. रविवारी संध्याकाळी परतीची गाडी धरायची असते, परंतु अंगात त्राण नसते, सोयरे थांबवून घेतात, सोमवारी बँकेचे काम निघते. तो परळला उगवतो बुधवारी. दोन बैठका बुडाल्या हे त्याला कळते. त्यांचे मोल काय हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘सोमवारी या’ एवढेच सांगितलेले असते, आणि सोमवार का, हे सांगायला गर्दीत कोणाला सवड नसते.

बैठक बुडालीच तर ती भरून काढण्याचे मार्ग आहेत. शनिवारी जादा बैठक घेणे किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन बैठका देणे, हे त्यांपैकी प्रमुख. दिवाळीसारख्या जोडून येणाऱ्या सुट्ट्यांत अशी भरपाई कशी होणार, हे रुग्णाने आधीच विचारून घेणे इष्ट होय.

शुक्रवारची केमोथेरपी :

केमोथेरपीचे चक्र वेगळे. ती बहुधा दर एकवीस दिवसांनी दिली जाते आणि अनेक रुग्णांना वार निवडण्याची थोडीफार मुभा असते. नोकरदार रुग्ण शुक्रवार निवडतात. हिशोब सरळ असतो : शनिवार-रविवार विश्रांती, सोमवारी कामावर. महाविद्यालयीन शिक्षकांतही, विशेषतः तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांत, या हिशोबाला मोठे वजन आहे. ज्याला वैद्यकीय रजा नाही आणि बुडालेल्या तासिकेमागे मानधन जाते, त्याच्यासाठी शुक्रवार हा वैद्यकीय निर्णय नसतो. तो अर्थशास्त्रीय निर्णय असतो.

परंतु औषधांचे स्वतःचे वेळापत्रक असते. सिस्प्लाटिनसारख्या औषधाने होणारी उशिराची मळमळ पहिल्या दिवशी नव्हे, तर ४८ ते ७२ तासांनी सर्वाधिक होते. म्हणजे शुक्रवारच्या औषधाचा खरा जाच रविवारी व सोमवारी. उलटीवर दिलेल्या डेक्सामेथाझोनमुळे पहिल्या एक-दोन रात्री झोप लागत नाही, माणूस उगाच तरतरीत वाटतो, शनिवारी घरातील कपाटे आवरायला काढतो. ते औषध थांबले की तो एकदम गळून जातो. घरातील मंडळींना याचे आश्चर्य वाटते : ‘काल तर चांगले होते!’ वस्तुतः कालचे चांगले असणे बऱ्याच अंशी गोळीचे होते.

पांढऱ्या पेशी वाढविणाऱ्या फिलग्रास्टिम या इंजेक्शनाचीही हीच कथा आहे. ते केमोथेरपीनंतर किमान चोवीस तासांनी सुरू करतात व २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. शुक्रवारी औषध घेतलेल्या रुग्णाला ते बर्फाच्या डब्यातून घरी न्यावे लागते आणि रविवारी ते टोचणार कोण, हा प्रश्न उभा राहतो. तालुक्याच्या गावी रविवारी दवाखाना बंद. मग ओळखीच्या परिचारिकेची शोधाशोध होते. वेदनाशामक मॉर्फिनच्या गोळ्या तर मोजक्याच ठिकाणी मिळतात. त्या शनिवारी संपल्याचे लक्षात आले तर दोन रात्री कशा जातात, हे घरच्यांनाच ठाऊक. त्यामुळे गोळ्या मोजण्याचा खरा दिवस गुरुवार होय.

रविवारचा ताप :

या साऱ्या विवेचनात जिवाशी थेट संबंध असलेला भाग हा आहे. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. दिनदर्शिका घेऊन पाहिले तर, शुक्रवारी औषध घेतलेल्या रुग्णाचा पुढील आठवड्याचा शनिवार-रविवार हा नववा-दहावा दिवस असतो, म्हणजे नेमका या काळाच्या मध्यावर. सोमवारी औषध घेतले तर त्याच आठवड्याचा रविवार सातवा दिवस आणि त्यापुढचा चौदावा. वार कोणताही निवडला तरी रविवार चुकत नाही.

या काळात तापमान १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाले तर तो साधा ताप समजता येत नाही. पांढऱ्या पेशीच नसल्याने पू, सूज, लाली ही संसर्गाची नेहमीची चिन्हे दिसत नाहीत. ताप हे एकमेव चिन्ह असू शकते. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेवाटे प्रतिजैविक सुरू व्हावे, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. आपल्याकडील घरगुती शहाणपण मात्र वेगळे सांगते : ‘रविवार आहे, डॉक्टर भेटणार नाहीत, एक पॅरासिटामॉल घेऊ आणि उद्या सकाळी दाखवू.’ गोळीने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही. सोमवारची सकाळ अशा रुग्णाला फार दूर असते. बाह्यरुग्ण विभाग बंद म्हणजे रुग्णालय बंद नव्हे. आकस्मिक विभाग चालू असतो, आणि गावाकडे असल्यास जवळच्या मोठ्या रुग्णालयात ‘केमोथेरपी चालू आहे, अमुक तारखेला औषध घेतले’ हे पहिल्या वाक्यात सांगणे आवश्यक आहे. उपचाराची वही किंवा फाईल त्यासाठी हाताशी हवी. घरात एक तापमापक असणे ही या रोगात चैन नाही.

परळमधील दोन दिवस :

जे रुग्ण घरी जात नाहीत त्यांचे शनिवार-रविवार परळ-दादर परिसरातच जातात. संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) रुग्णांच्या नातेवाइकांची आबाळ पाहून मुंबईत धर्मशाळेची परंपरा घालून दिली. त्यांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा आज कर्करुग्णांचा मोठा आधार आहे. मूळचे गोव्याचे शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचे निवासस्थान वांद्रे येथे आहे. लहान मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड या संस्थेची केंद्रे आहेत. तरीही जागा अपुऱ्या पडतात आणि काही कुटुंबे पदपथावर राहतात. बिहार, बंगाल, आसाम येथून आलेल्यांना तर शनिवार-रविवारी घरी जाण्याचा पर्यायच नसतो.

येथील शनिवार कपडे धुण्याचा. रविवार फोनचा व हिशोबाचा : किती पैसे उरले, किती बैठका उरल्या, सोयाबीन काढायला कोणाला सांगायचे. रविवारी अन्नदान करणारे येतात. त्यांचा हेतू उत्तम असतो; परंतु पुरी-भाजी किंवा बुंदी ही तोंडात व्रण असलेल्या माणसाच्या उपयोगाची नाही. सोबत आलेला मुलगा जेवतो आणि रुग्ण मऊ भाताची किंवा पेजेची सोय पाहत बसतो. दात्यांनी आधी विचारले तर खर्च वाढणार नाही, उलट कमीच होईल.

प्रवासाचेही एक प्रकरण आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित त्रिस्तरीय डब्यात संपूर्ण भाडेसवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. उपनगरी गाड्यांत दिव्यांग व कर्करुग्णांसाठी राखीव डबा आहे. परंतु रविवारी गाड्या कमी आणि वर मेगाब्लॉक. कल्याणहून वा पनवेलहून भेटायला निघालेला भाऊ दोन तास उशिरा पोहोचतो आणि रुग्ण तोवर थकून झोपलेला असतो.

घरातील रविवार :

घरी राहून उपचार घेणाऱ्यांचा रविवार पाहुण्यांचा असतो. आपल्या समाजात आजाऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य मानले जाते व त्यासाठी सोयीचा वार तोच. एकामागून एक चार कुटुंबे येतात. चहा होतो, पोहे होतात, कोणाच्या तरी मामांना कोणत्या काढ्याने गुण आला याची कथा होते. रुग्ण उठून बसतो, हसतो, तीच माहिती चार वेळा सांगतो. किरणोपचाराचा थकवा आठवड्यागणिक साचत जातो आणि अनेकांना तो रविवारपर्यंत किंचित उतरल्यासारखा वाटतो. तेवढी शिल्लक या बैठकीत खर्च होते. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याने न येणे हाच त्याचा जिव्हाळा. बाकीच्यांनी आधी फोन करून, पंधरा मिनिटे बसून, जमल्यास डबा देऊन निघावे.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक तीव्र होतो. भारतात स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे व त्यातील बऱ्याच जणी संसाराच्या ऐन भरात असतात. आठवडाभर मुले शाळेत, नवरा कामावर. तेव्हा तिला दुपारी पडता तरी येते. रविवारी सर्वजण घरी. मटण किंवा मासळी हवी, डोक्यावरून अंघोळी, कपड्यांचा ढीग. लोखंडे यांनी मिळवून दिलेली सुट्टी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलीच नाही, हे येथे खेदाने नोंदवावे लागते. मटणाच्या वासाने तिला मळमळते आणि तरीही फोडणी तीच देते. तिची स्वतःची अंघोळही पूर्वीसारखी नसते. किरणांची जागा दाखविणाऱ्या शाईच्या खुणा छातीवर असतात. त्या घासून जाऊ द्यायच्या नसतात, त्वचा चोळायची नसते, तेल-उटणे लावायचे नसते. कर्कप्रतिबंधक औषधांनी केस गेले असतील तर रविवारच्या शिकेकाईचाही प्रश्न मिटलेला असतो.

उपचार घराजवळ असला तर यातील प्रवासाचा व निवाऱ्याचा भाग हलका होतो. बार्शी व नागपूर येथील कर्करोग रुग्णालयांचे महत्त्व केवळ परळची गर्दी कमी करण्यात नाही. त्या त्या भागातील रुग्णाला रविवारी आपल्या अंथरुणावर झोपता येते, यातही ते आहे.

रक्तबिंबिका आणि महाविद्यालये :

शेवटी महाविद्यालयांशी थेट संबंध असलेली एक बाब. केमोथेरपीने रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात व त्या बाहेरून द्याव्या लागतात. तांबड्या पेशी शीतगृहात ३५ ते ४२ दिवस टिकतात; प्लेटलेट मात्र २० ते २४ अंश तापमानात, सतत हलवत ठेवूनही, पाचच दिवस टिकतात. त्यामुळे जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतर त्यांचा तुटवडा जाणवणे स्वाभाविक आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची आपली रक्तदान शिबिरे बहुधा एखाद्या जयंतीला किंवा २६ जानेवारीला होतात. एका दिवशी शेकडो पिशव्या जमतात, छायाचित्रे निघतात, आणि सहाव्या दिवशी त्यांतील एकही प्लेटलेट वापरण्याजोगी उरत नाही. ज्या शहरांत कर्करोग रुग्णालय आहे तेथील महाविद्यालयांनी एका मोठ्या शिबिराबरोबरच प्लेटलेटदात्यांची वारांनुसार यादी ठेवली, शुक्रवार-शनिवारी दोन-चार विद्यार्थ्यांची पाळी लावली आणि ती यादी रक्तपेढीकडे दिली, तर रविवारी रात्री दात्यासाठी फोन फिरवत बसणाऱ्या नातेवाइकांचे काम बरेच कमी होईल.